इंचभर कमी भरलेला पायलट

राजारामपुरीच्या अकराव्या गल्लीत नव्या माणसाला जोखायची एक रीत आहे. माणूस राहायला आला की आठ-पंधरा दिवसांत त्यानं स्वतःबद्दल भरपूर फुशारकी मारायची. गल्ली त्यातली निम्मी कापते, उरलेली निम्मी मान्य करते, आणि मग सगळे सुखानं नांदतात. विंग कमांडर उदयसिंह सरनोबत यांनी नेमकी इथंच माती खाल्ली. राहायला येऊन पाच वर्षं झाली तरी गड्यानं एक फुशारकी मारली नाही. आता कापायचं काय, आणि मान्य करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त छळत होता तो त्यांच्या शेजाऱ्याला, म्हणजे महावीर मगदूमला. महावीरचं लक्ष्मीपुरीत पाईपांचं आणि बोअरच्या मोटारींचं दुकान. पाईप रस्त्याच्या पलीकडं दिसला तरी सव्वाइंची की दीडइंची हे तो सांगणार, आणि त्याची नजर कधी चुकायची नाही. पण तीस वर्षं असं डोळ्यानं माप काढून काढून त्याचा स्वभावच मोजपट्टीसारखा झालेला. दुधात पाणी आहे म्हणून त्यानं चार गवळी बदलले. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, घड्याळावरसुद्धा त्याचा भरवसा नव्हता. दर्शन झालं की मोबाईल काढून वेळ ताडून बघायचा. अशा माणसाच्या कंपाउंडला लागून एक रिटायर फायटर पायलट, आणि त्याला मिशी नाही. संशयाची सुरुवात तिथूनच झाली.

दुसरा घाव कँटीनच्या दारूच्या कोट्यानं घातला. मिलिटरीचा माणूस गल्लीत आला म्हटल्यावर चार-पाच जण आशेनं त्यांच्या फाटकापाशी घुटमळू लागले होते. सरनोबतांनी शांतपणे सांगितलं, "मी घेत नाही, त्यामुळं आणतही नाही." महावीर स्वतः जैन, थेंबाला शिवत नाही, पण तत्त्व म्हणून त्याला ते खटकलं. "मिलिटरीवाला आनि कोटा न्हाय? म्हंजे पुजाऱ्याकडं अंगारा न्हाय म्हटल्यासारखं झालं की."

मग पंधरा ऑगस्ट आला. झेंडावंदनानंतर जिलेबी खाता खाता महावीरनं सगळ्यांच्या देखत विचारलं, "साहेब, तुम्ही आजपर्यंत शत्रूची किती इमानं पाडली?"

"एकही नाही."

"कारगिलला तरी हुता का?"

"होतो. दीड महिना धावपट्टीच्या टोकाला विमानात पट्टे बांधून बसलो होतो. हुकूम आला की दोन-तीन मिनिटांत उडायचं, असं काम होतं. हुकूम आला नाही."

"मग काय केलं?"

"बसलो."

लोक जिलेबीकडं वळले. महावीर मात्र हललाच नाही. खोटारडा माणूस असता तर दोन तरी पाडली म्हणाला असता. खरा असता तर निदान एक तरी पाडलं असतं. हा एकही नाही म्हणतो, म्हणजे हा खोटारड्यांतला पोचलेला असणार. महावीरचं तर्कशास्त्र असं जोरकस होतं.

बाकीची माहिती धोंडुबाई पुरवायची. ती दोन्ही घरी भांडी घासायची आणि इकडची खबर तिकडं न्यायचं काम फुकटात करायची. सरनोबतांच्या भिंतीवर विमानाचा फोटो नाही, मेडल नाही, काही नाही. बायको वारलेली, तिचा एक फोटो आहे तेवढा. दिल्लीला जायचं तरी रेल्वेनं जातात. लुना सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारतात, टायर चेपतात, ब्रेक ओढून बघतात, खाली वाकून तेल गळतंय का बघतात. लुनाची. आणि सगळ्यात वरताण म्हणजे संध्याकाळचा प्रकार.

"पाच वाजलं की खुर्चीत बसत्यात, डोळं मिटून," धोंडुबाई आवाज उतरवून सांगायची. "उजव्या हातात काठी धरल्यागत मूठ. डाव्या हातानं काय तर म्होरं ढकलत्यात. पाय बी हलवत्यात. आनि म्होरं काय सुदिक न्हाय."

"आमोशाला का?"

"रोज की ओ."

महावीरची मुलगी रुचिता आतून ओरडायची, "पप्पा, त्याला खुर्चीतलं उड्डाण म्हणतात. पायलट लोक उडायच्या आधी अख्खं उड्डाण मनात करून बघतात. सर अजून करतात."

"रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आनि अजून खुर्ची उडवालेत? दुकान विकल्यावर मी रोज संध्याकाळी घरात पाईप मोजत बसू काय?"

आता इथंवर सगळी गंमत होती. पण ही रुचिताच या गोष्टीची खरी अडचण होती. दोन वर्षांमागं ती अकरावीचं गणित विचारायला कंपाउंडपलीकडं गेली, आणि परत आली ती फायटर पायलट व्हायचं म्हणून. एनडीएत मुलींना घेतात हे महावीरला पेपरात वाचून ठाऊक होतं. ते दुसऱ्यांच्या मुलींसाठी असतं असा त्याचा समज होता. रुचितानं लेखी परीक्षा दिली, ती पासही झाली. बारावीचा शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात मैसूरहून निवडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. दोन एप्रिल. पाच दिवस चाचण्या. सोबत एक फॉर्म. मुलगी अठराच्या आतली, म्हणून त्यावर पालकाची सही पाहिजे. सही नसेल तर मैसूरच्या फाटकातून परत.

तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलेला. महावीर दिवे लागायच्या आत जेवायला बसायचा, फॉर्म उचलायचा, वाचायचा, परत ठेवायचा. अंजनानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदाच विचारलं, "करणार हायसा का न्हाय?"

"ज्या माणसानं पोरीच्या डोक्यात हे भरवलं, तो खरा हाय का हे आधी बघू दे. उद्या कळायचं की हा कुठल्या तर स्टोअरमधला कारकून हुता. मग?"

"आनि खरा निघाला तर?"

महावीर भाकरी जास्तच बारीक मोडू लागला.

त्याच्या हातात एकच धागा होता. दर महिन्याच्या चौदा तारखेला, वार कुठलाही असो, सरनोबत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एसटीनं गडहिंग्लजला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. हातात कापडी पिशवी, पिशवीत बाटल्या किणकिणायच्या. कुणाकडं, कशाला, धोंडुबाईलाही पत्ता नाही. जी गोष्ट धोंडुबाईला ठाऊक नाही ती कायदेशीर असूच शकत नाही, असं महावीरचं पक्कं मत.

चौदा मार्चला त्यानं दुकान नोकरावर सोपवलं, माकडटोपी चढवली आणि सीबीएसच्या एसटी स्टँडवर खांबाआड उभा राहिला. सरनोबत आले, गाडीत तिसऱ्या रांगेत बसले. महावीर सहाव्या. शेजारचा पावणा दहा मिनिटं त्याच्याकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "थंडी वाजतीया काय?"

"कान दुखालाय."

"दोन्ही?"

कागल गेलं, निपाणी गेलं, संकेश्वर गेलं. प्रत्येक खड्ड्याला पुढं पिशवी किणकिणायची आणि मागं महावीरची खात्री वाढायची. हाच कोटा. गल्लीला नाही म्हणायचं आणि गडहिंग्लजला नेऊन खपवायचा. मनात त्यानं घरी जाऊन बोलायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली. रुचिता रडेल, दोन दिवस जेवणार नाही, मग कोल्हापुरातच इंजिनिअरिंगला जाईल. त्याला कसं हलकं हलकं वाटू लागलं.

गडहिंग्लजला उतरून सरनोबत बाजारपेठेच्या मागच्या रस्त्याला लागले आणि एका मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये शिरले. महावीरनं समोरच्या टपरीवर चहा घेतला, दुसरा घेतला. अर्धा तास झाला. मग त्याला राहवेना. तो रस्ता ओलांडून गॅरेजच्या दाराशी गेला आणि आत डोकावला.

आत फळ्यांच्या बाकड्यावर विंग कमांडर उदयसिंह सरनोबत उघड्या अंगानं पालथे पडले होते. एक साठी उलटलेला, मानेचा डोंगर असलेला पैलवानी माणूस त्यांच्या पाठीवर तेल ओतून अंगठ्यानं मणका मणका रेटत होता. पिशवीतल्या बाटल्या बाकड्याखाली उभ्या होत्या. सगळ्या तेलाच्या.

पैलवानानं मान वर केली. "काय पावणं, काय काम?"

"गाडी दाखवायची हुती."

पैलवानानं रस्त्याकडं बघितलं. "कुठाय?"

"कोल्हापुरात."

"मग हितनं दिसती व्हय मला?"

बाकड्यावरून, तोंड फळीला लागलेलं असतानाच, सरनोबत म्हणाले, "आत या, महावीरराव. आणि ती टोपी काढा, उकडत असेल."

महावीरला घाम फुटलेलाच होता, तो वाढला. "तुम्ही कवा बघितलं?"

"सीबीएसवर. खांबामागं. आमच्या धंद्यात जो मागं वळून बघत नाही तो फार दिवस टिकत नाही, म्हणून मान आपोआप वळते. हा पिराजी. माझ्या विमानाचा मेकॅनिक होता. पिराजी, हे शेजारी. रुचिताचे वडील."

पिराजीनं तेलकट हात कपाळाला लावून नमस्कार केला. महावीरनं नमस्कार घेतला. पण तो मेकॅनिकवर एवढ्या लवकर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हता. मेकॅनिक काय, कुणीही म्हणेल. त्याची नजर भिंतीवर फिरू लागली आणि मारुतीच्या तसबिरीशेजारी थांबली. तिथं एक जुना फोटो होता. मिग विमानाच्या नाकाखाली दोन तरणे जवान, खांद्याला खांदा लावून. एकाच्या अंगावर पायलटचा पोशाख, दुसऱ्याच्या हातात पाना. खाली दोघांची नावं, साल, सगळं नीट.

सरनोबत उठून शर्ट घालायला पिराजीच्या बाजूला उभे राहिले. महावीरनं फोटो बघितला. दोघांना बघितलं. परत फोटो बघितला. आणि दुकानात खोटा माल सापडला की व्हायची तशी त्याची मुद्रा झाली.

"साहेब, राग मानू नका. हा फोटोतला मानूस तुम्ही न्हाय."

त्यानं फोटोवर बोट ठेवलं.

"फोटोत पायलट ह्या पिराजींपेक्षा अर्ध्या इंचानं उंच हाय. आता तुम्ही त्यांच्यापेक्षा अर्ध्या इंचानं कमी भरालाय. तितं दोघांच्या पायात बूट, हितं दोघांच्या पायात चप्पल, ते सगळं धरून सांगतोय. वयानं मानूस खचतो, मान्य. पण मग दोघंबी खचतील. एकटाच कसा?"

सरनोबत बटणं लावत राहिले. पिराजीनं फडक्याला हात पुसले, महावीरकडं नीट बघितलं आणि मान डोलावली.

"नजर हाय की पावन्याची. डॉक्टरांनी साहेबाला उभं करून, मोजपट्टी लावून इंचभर कमी सांगितल्यालं. ह्यानं नुसता फोटो बघून सांगितलं."

मग त्यानं एक स्टूल पुढं सरकवलं, आणि जे गल्लीला पाच वर्षांत कळलं नव्हतं ते महावीरला पंधरा मिनिटांत कळलं.

राजस्थानातल्या तळावरची गोष्ट. चौदा तारीख होती. सकाळच्या उड्डाणाआधी पिराजीनं विमान तपासलं, ठीक आहे म्हणून वहीवर सही केली. त्याच्या सहीखाली सरनोबतांनी सही केली आणि विमान ताब्यात घेतलं. उडून चार मिनिटं झाली आणि इंजिन बंद पडलं. खाली गाव. गाव ओलांडेपर्यंत त्यांनी विमान धरून ठेवलं, मग हँडल ओढलं. अशा वेळी खुर्चीच्या खालून स्फोट होतो आणि खुर्ची माणसासकट आभाळात फेकली जाते. माणूस वाचतो, पण मणके दाबले जातात. सरनोबतांचे दोन मणके चेपले. विमान बाजरीच्या शेतात दहा फूट खोल रुतलं.

"साहेबानं उभ्या आयुष्यात इमान पाडलं एकच," पिराजी म्हणाला. "तेबी आपलंच."

सरनोबत हसले. हा विनोद त्यांच्यात जुना असावा.

"मग पुढं?" महावीर स्टुलावर पुढं सरकला होता.

"मग चौकशी. सात महिनं. चूक कुनाची? मेकॅनिकनं न बघता सही ठोकली, का पायलटनं गाढवपना केला? दोघांतला एक जानार, असंच सगळी म्हनायची. साहेब दवाखान्यात पडून, मी बराकीत. मला आत बसवून इचारलं, पायलटचं काय चुकलं असंल का? नुसतं 'असंल' म्हटलं असतं तरी मी सुटलो असतो. लेकरं लहान हुती."

"काय सांगितलं?"

"इमान चांगलं हुतं आनि पायलटबी चांगला हुता. आता तुमचं तुम्ही हुडका, म्हटलं."

"आनि साहेबांनी तुमच्याबद्दल काय सांगितलं?"

"ते मला ठावं न्हाय."

"म्हंजे? तुम्ही इचारलं न्हाय?"

"न्हाय."

"इतक्या वर्षांत?"

"कशाला इचारू?" पिराजीनं खरंच न कळल्यासारखं बघितलं.

महावीरनं सरनोबतांकडं पाहिलं. ते शेवटचं बटण लावण्यात गुंतले होते. हे त्याच्या मोजपट्टीत कुठंच बसत नव्हतं. सातव्या महिन्यात इंजिन फोडून बघितलं तेव्हा आत घारीची पिसं सापडली. दोघंही सुटले. पण चेपलेल्या मणक्यांमुळं सरनोबतांचं फायटर कायमचं सुटलं. त्यापुढची नोकरी त्यांनी जमिनीवर काढली, नव्या पोरांना खोट्या कॉकपिटमध्ये बसवून शिकवण्यात. पिराजी तालमीतला, हाडं बसवायची विद्या घरातली. रिटायर होऊन साहेब कोल्हापुरात आले तसं त्यानं सांगून टाकलं, महिन्याला एकदा यायचं. "आधी इमानाची सर्व्हिसिंग करत हुतो, आता हेंची."

"आणि एसटीनं येताना जेवढी पाठ मोडते तेवढीच हा बसवून देतो," सरनोबत म्हणाले. "हिशेब शून्य. लांबचा प्रवास मात्र रेल्वेनं. झोपून जाता येतं."

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसले. टोपी महावीरच्या खिशात होती. निपाणीपर्यंत तो गप्प बसला, आणि हे त्याच्या ओळखीच्या कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. आतून तो चिडला होता. माणूस खोटा निघाला असता तर किती सोपं झालं असतं. आता तो खरा निघाला, आणि खरा निघाला म्हणजे विमानं पडतात हेही खरं निघालं. मणके चेपतात. बाजरीच्या शेतात दहा फूट खड्डा पडतो. एवढं सगळं कळूनही पोर मैसूरला जायचं म्हणते आहे. तिला कुठं ठाऊक आहे?

निपाणीला त्यानं तोंड उघडलं. "साहेब, तुमची पोरगी असती तर सही केली असती?"

सरनोबतांनी मांडीवरच्या पिशवीची घडी घातली.

"मला मूल नाही, त्यामुळं हो म्हणणं सोपं आहे. ते खरं धरू नका. माझ्या वडिलांनी केली नव्हती. ऊस सोडून कुठं मरायला जातोस म्हणाले. आईनं त्यांच्या नकळत अंगठा दिला. चिमणाबाई तिचं नाव. वडील तीन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, तिच्याशीही."

"मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगणार? मुलगी तुमची. ती चांगली आहे एवढं सांगतो. घेतील की नाही, ते मैसूरवाले सांगतील."

महावीरला वाटलं होतं हा समजूत काढेल, देशसेवा म्हणेल, हल्ली सगळं सुरक्षित असतं म्हणेल. मग त्यावर शंका काढता आली असती. या माणसानं शंकेला जागाच ठेवली नव्हती.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलेलं, अंजनानं ताटं घेतलेली. महावीर बसला, पण जेवायला सुरुवात केली नाही. रुचिताला समोर बसवलं. गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तुला एक गोष्ट सांगायची हाय. घाबरू नको. तुझ्या सरांचं इमान पडल्यालं."

"ठाऊक आहे."

"इंजिन बंद—"

"चौथ्या मिनिटाला. दोन मणके. घारीची पिसं. ठाऊक आहे पप्पा. पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी. म्हणाले, हे ऐकून उद्या आलीस तर गणित शिकवीन."

"आनि तू गेलीस?"

"गेले की."

महावीरनं अंजनाकडं बघितलं. अंजना भाजी वाढत होती.

"तुलाबी ठाऊक हुतं?"

"दोन वर्षं झाली. तुम्ही कवा सरळ इचारलंच न्हाय कुनाला. धोंडुबाईला इचारत बसला."

त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग बरणीखालचा फॉर्म ओढला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. एकेका शब्दावर बोट. ताटातलं गार होत होतं; बाहेर उजेड कमी होत होता, आणि दिवस बुडाला की या घरात घास उचलत नाहीत. अंजनानं भाजीवर झाकण ठेवलं.

"हे काय लिहिलंय? चाचण्यांत दुखापत झाली तर जोखीम स्वतःची. कुनाची स्वतःची?"

"माझी."

"मग सही माझी कशाला?"

"मी अजून सतराची आहे म्हणून."

"म्हंजे हात मोडला तर तुझा, आनि जबाबदार मी."

"होय."

"असला वाकडा कागद मी आयुष्यात बघितला न्हाय," महावीर म्हणाला, आणि पेन मागितलं. पेनची शाई उठेना. झटकलं, परत टेकवलं. सही पूर्ण झाल्यावर त्यानं ती फॉर्मवरच्या नावाशी ताडून बघितली, खाली तारीख घातली आणि फॉर्म पोरीकडं न देता आपल्या खिशात ठेवला.

"पप्पा, तो मला न्यायचाय."

"मी आनतो की. दोन तिकिटं काढ मैसूरची. पाच दिवस बाहेर बसतो. कसली मानसं हायत, काय इचारत्यात, जरा बघून घेतो. आनि मुलाखत घेणारा इमान चालवल्याला हाय का नुसताच बसल्याला, तेबी."

"पप्पा, तुम्हाला आत सोडणार नाहीत."

"का सोडत न्हाईत?" महावीरनं घास उचलला, तो तसाच धरून तिच्याकडं बघितलं. "आत काय लपवून ठेवलंय?"